पाण्याखाली दोनशे बारचा जेट बोथट होतो, मग पट्टी खातंय कोण?

लेथमास्तर_शिरोली

मंडळी, नमस्कार. शिरोली एमआयडीसीत माझं छोटं शेड आहे. दोन लेथ, एक रेडियल ड्रिल आणि वेल्डिंगचं काम. गावाकडच्या पाणीपुरवठा संस्थेनं एक काम दिलंय आणि गेले बारा दिवस मी त्यात रुतलोय.

पंचगंगेच्या काठी संस्थेची जॅकवेल आहे, म्हणजे नदीचं पाणी उचलायची विहीर. नदीत इनटेकच्या तोंडाला बिडाची जाळी बसवलीय. दर उन्हाळ्यात तिच्यावर शेवाळ आणि केंदाळाची मुळं बसतात, आणि त्याखाली दगडासारखा कडक थर. आजवर पोहणारी पोरं बुडी मारून छिन्नीनं खरवडायची. गेल्या वर्षी एकाचं बोट जाळीत चेंगरलं. तेव्हा चेअरमन म्हणाले, गाड्या धुतात तसल्या जेटनं पाण्याखालीच होतंय का बघा.

माझ्याकडे साडेसात एचपीचा प्लंजर पंप आहे. दाब २०० बार, नोझल १.२ मिमीचं, शून्य अंशाचं म्हणजे सरळ धारेचं, पाणी मिनिटाला तेरा लिटरच्या आसपास. शेडमध्ये पत्र्याचा हौद भरून ट्रायल घेतली. हवेत दीड फुटावरून शहाबादी फरशीवरचं वाळलेलं शेवाळ सालीसारखं निघतं. तीच फरशी पाण्यात चार इंचांवर ठेवली तर शेवाळ नुसतं हललं. पांढरा ढग दिसतो आणि मोहरी तडतडावी तसा आवाज येतो, काम मात्र शून्य.

म्हणून एक ॲल्युमिनियमची पट्टी ६० मिमीवर क्लॅम्प करून वीस मिनिटं सोडली. बाहेर काढली तर तिच्यावर गोल कडं उमटलेलं. बांगडीसारखं, बोटभर रुंद, आत बारीक खड्डेच खड्डे, वाळूचा कागद फिरवल्यागत. आणि कड्याचा मधला भाग, जिथं जेट सरळ आदळतो, तो जवळजवळ साफ!

जेट बोथट असेल तर पट्टी खाल्ली कुणी? जेट तिखट असेल तर शेवाळ का निघत नाही? आणि हे जे काही आहे ते संस्थेची जाळीही खाईल का? एक पंपवाला म्हणतो ५०० बारचा पंप घ्या, सगळं सुटेल. त्याची किंमत ऐकून मी इथं आलोय.

रंकाळ्याची_हवा

फोटो टाका की भाऊ त्या कड्याचा. ऐकूनच भारी वाटतंय.

उद्यमनगरी_मिस्त्री

मास्तर, तुमची पट्टी मी न बघता सांगतो कशी दिसत असंल. आमच्यात इंजिनाचा लायनर, म्हंजे पिस्टनभोवतीची नळी, बाहेरनं अशीच दिसती. आतनं पिस्टन फिरतोय ती बाजू चकचकीत, आणि बाहेर, जिकडं थंड पाणी खेळतंय तिकडं, टाचणीनं टोचल्यागत भोकं. लई वर्षं आम्ही गंज समजायचो. पण गंज सगळीकडं धरतोय, ही भोकं एकाच पट्ट्यात असत्यात, पिस्टन ज्या अंगाला रेटतोय त्याच अंगाला. एकदा तर भोक आरपार जाऊन पाणी चेंबरमध्ये उतरलेलं.

आमचे वस्ताद त्याला 'लायनरला कीड लागली' म्हणायचे. कूलंटमध्ये औषध घातल्यावर कीड थांबती, साधं बोअरचं पाणी घातल्यावर परत लागती. तुमच्या हौदात तीच कीड हाय.

प्रवाहिनी

मिस्त्रींनी अगदी नेमकं ओळखलं. मी इथल्या एका महाविद्यालयात द्रवयांत्रिकी शिकवते आणि हा माझा आवडीचा विषय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पाणी उकळायच्या दोन वाटा आहेत. तापवा, नाहीतर त्याच्यावरचा दाब काढून घ्या. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास, त्यामुळे आपल्याकडे हवेचा दाब साधारण ९५ किलोपास्कल. तीस अंशांच्या पाण्याचा बाष्पदाब ४.२ किलोपास्कल. पाण्यात एखाद्या ठिकाणी दाब इतका खाली गेला, की तिथलं पाणी तीस अंशांनाच उकळतं आणि वाफेचा बुडबुडा तयार होतो. याला कॅव्हिटेशन म्हणतात.

मास्तरांच्या हौदात दाब खाली कुठे जातो? २०० बारचं पाणी नोझलमधून बाहेर पडतं ते सेकंदाला २०० मीटर वेगानं. शेजारचं पाणी स्थिर. या दोघांच्या सीमेवर प्रचंड कातर बसते, म्हणजे पाण्याचे थर एकमेकांवरून जोरात घसटतात, आणि तिथं एकामागून एक भोवरे वळत जातात. पुराच्या वेळी पुलाच्या खांबामागं पंचगंगेत भोवरा पडतो, त्याच्या मध्यभागी पाण्याला कसा खळगा पडतो ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. मधला दाब उतरल्याचीच ती खूण. जेटच्या कडेचे भोवरे त्याहून कितीतरी लहान आणि कितीतरी वेगवान असतात. त्यांच्या गाभ्यात पाणी फुटतं. पांढरा ढग म्हणजे हे बुडबुडे.

पुढे वेग कमी होतो, दाब परत येतो आणि बुडबुडा मिटतो. एक मिमी त्रिज्येचा वाफेचा बुडबुडा वातावरणाच्या दाबाखाली साधारण ९० मायक्रोसेकंदांत मिटतो. डोळ्याची पापणी लवायला याच्या हजारपटीहून जास्त वेळ लागतो. पट्टीला चिकटून असलेला बुडबुडा सगळीकडून सारखा मिटत नाही. पट्टीकडून पाणी यायला वाट नसते, म्हणून त्याची पाठ आत दबते आणि तिच्यातून पाण्याची एक बारीक सुई बुडबुडा भेदून पट्टीवर आदळते. शिवाय मिटण्याच्या शेवटच्या क्षणी आघात-लहर सुटते. ठिकाण सुईच्या टोकाहून लहान, पण तिथला दाब काही हजार बारपर्यंत जातो. ॲल्युमिनियम तिथं नमतं.

आता कडं का? बुडबुडे जेटच्या सालीत असतात, गाभ्यात नाहीत. जेट पट्टीवर आदळून चहूकडे पसरतो तेव्हा साल बाहेरच्या अंगाला जाते आणि बुडबुडे मधल्या बिंदूभोवती गोलात मिटतात. मास्तर, तुमचं निरीक्षण पाहून मला खरंच आनंद झाला. हे कडं प्रयोगशाळांतल्या नमुन्यांवरही असंच उमटतं.

बावड्याचा_ऊसवाला

म्हणजे गॅस न पेटवता पाणी उकळलं! चहा तेवढा होणार नाही.

पण मॅडम, एक शंका. नदीवरच्या माझ्या मोटारीला हाच आवाज येतो. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की पंपात कुणी खडी टाकल्यागत खडखड वाजतंय. आम्ही म्हणतो मोटार हवा खातीय. फूट व्हॉल्व्ह बदलला, सक्शनच्या फ्लँजचं पॅकिंग बदललं, तरी आवाज हायच. मग ती हवा का वाफ?

प्रवाहिनी

ऊसवाले दादा, दोन्ही असू शकतं, पण खडीसारखा आवाज बहुतेक वाफेचाच. उन्हाळ्यात नदीची पातळी उतरते, पंपाला जास्त उंचीवरून पाणी ओढावं लागतं, इम्पेलरच्या, म्हणजे पंपातल्या फिरत्या पात्यांच्या चाकाच्या, तोंडाशी दाब पडतो आणि तिथं पाणी उकळतं. पॅकिंग कितीही बदललं तरी हा आवाज जाणार नाही. पंप खाली न्यावा लागेल, किंवा सक्शनचा पाइप मोठा आणि कमी वळणांचा करावा लागेल.

हवा आणि वाफ यांतला फरक मास्तर हौदातच पाहू शकतील. पंप बंद केल्याबरोबर मोठा ढग तत्काळ नाहीसा होईल, ती वाफ. मागं बारीक धुक्यासारखे फुगे रेंगाळतील, ती पाण्यात विरघळलेली हवा बाहेर आलेली. वाफेचा बुडबुडा पूर्ण मिटतो म्हणून मारतो. हवेचा बुडबुडा दबला तरी उशीसारखा मध्ये राहतो.

बावड्याचा_ऊसवाला

बरोबर! इम्पेलर खोलला तेव्हा पात्यांच्या तोंडाशी मधमाशांच्या पोळ्यागत झालेलं. दुकानदार म्हणाला रेतीनं झिजलाय, आणि नवा विकला. दोन वर्षांत तोही तसाच. उंची मोजतो आता.

कागल_पंचतारांकित

थिअरी चांगली आहे, पण मास्तरांना काम करायचंय. माझ्या मते पंपवाला बरोबर आहे. पाण्यात रेझिस्टन्स जास्त, तर दाब वाढवा. ५०० बारला काय टिकतंय?

नोझल_नाना

कागलकर, इथं माझा तुमच्याशी मतभेद. तीस वर्षं कारखान्यांत बॉयलरच्या नळ्या आणि टाक्या जेटनं साफ करण्यात गेली. कागद-पेन्सिल घेऊन बघू.

पाण्यात सुटलेला जेट आपला मूळ वेग टिकवतो तो नोझलच्या व्यासाच्या सुमारे सहापट अंतरापर्यंत. मास्तरांचं नोझल १.२ मिमी, म्हणजे सात मिमी! त्यापुढं तो बाजूचं पाणी ओढून घेत पसरतो आणि मधला वेग अंतराच्या प्रमाणात उतरतो. चार इंच म्हणजे १०० मिमी. तिथं २०० चा वेग उरतो १४-१५ मीटर. त्याचा दाब काढा, एक बारच्या जवळपास. म्हणजे २०० बार तयार करून फरशीवर पोचवला एक बार. दहा मीटर उंच टाकीच्या नळाला जेवढा दाब असतो तेवढा. शेवाळ हललं हेच खूप झालं.

आता दाब ५०० केला. वेग वाढतो वर्गमुळाच्या हिशोबानं, २०० चा होतो ३१६. पण ते 'सहापट व्यास' तिथंच राहतं, ते दाबावर अवलंबून नाही. १०० मिमीवर अडीच बार मिळतील. त्यासाठी पंपाला लागणारी ताकद मात्र जवळजवळ चौपट.

उलट करून बघा. साडेसात एचपी तीच ठेवा, नोझल दुप्पट करा, २.४ मिमी. दाब उतरून ८० बारच्या आसपास येईल, पाणी लागेल ३३ लिटर. १०० मिमीवर मिळेल दीड बारच्या वर. कमी दाबात जास्त मार, कारण पाण्याखाली लांबी जाडीच्या हिशोबानं मिळते. अर्थात पंपाचे प्लंजर तेवढं पाणी देणारे हवेत, हे आधी तपासा.

याच हिशोबात तुमच्या पट्टीचंही उत्तर हाय. ६० मिमीवर नुसत्या पाण्याचा दाब तीन बार. तीन बारनं ॲल्युमिनियमला वीस मिनिटांत काय, वीस वर्षांत खड्डा पडणार नाही. खाल्ली ती बुडबुड्यांनीच.

कागल_पंचतारांकित

नाना, मान्य. एवढा हिशोब मला कुणी करून दाखवला नव्हता. ५०० बारवाल्याला मीही फोन केला होता, तो रद्द करतो.

जुनी_पानं

विषय निघालाच आहे तर थोडा इतिहास. या त्रासाची पहिली मोठी ओळख जहाजांच्या पंख्यांमुळे झाली. १८९३ साली पाण्यात उतरलेलं ब्रिटिश आरमाराचं 'डेअरिंग' हे जहाज ठरलेला वेग गाठेना. इंजिनाची ताकद पुरेशी होती, पण पंख्याच्या पात्यांवर पोकळ्या तयार होऊन पंखा पाण्याऐवजी वाफेत फिरत होता. पात्यांचं क्षेत्रफळ वाढवल्यावर वेग मिळाला. वाफेच्या टर्बाइनचे जनक चार्ल्स पार्सन्स यांच्या 'टर्बिनिया'लाही तेच भोवलं. त्यांनी पंखे पाण्याच्या बंदिस्त नळीत फिरवून पोकळ्या डोळ्यांनी पाहिल्या, मग तीन दांड्यांवर प्रत्येकी तीन असे नऊ पंखे लावले. १८९७ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या आरमारी संचलनात ती ३४ नॉटच्या वेगानं पळाली.

पंखे वेग गाठू लागले, पण त्यांना खड्डे पडत राहिले. ते का पडतात याचं गणित लॉर्ड रॅले यांनी १९१७ मध्ये मांडलं. रिकामी पोकळी मिटताना दाब किती चढतो, किती वेळात मिटते. प्रवाहिनीताईंचे ९० मायक्रोसेकंद त्याच सूत्रातले.

गारगोटीची_मुलगी

मी बारावीला आहे, लिहू का? पिस्तूल कोळंबी नावाचा एक जीव हेच करतो! ती नांगी इतक्या जोरात मिटते की पाण्याचा जेट सुटतो आणि बुडबुडा तयार होतो. आधी वाटायचं की आवाज नांगी नांगीवर आपटल्याचा आहे. २००० साली वेगवान कॅमेऱ्यानं पाहिल्यावर कळलं की आवाज बुडबुडा मिटल्याचा असतो. त्या धक्क्यानं भक्ष्य बधिर होतं.

प्रवाहिनी

जरूर लिही बाळ, अगदी योग्य जागी आलीस. आणि पुढच्याच वर्षी हेही दिसलं की तो बुडबुडा मिटताना अतिशय क्षीण प्रकाशाचा ठिपका चमकतो, आतला वायू क्षणभर इतका तापतो.

लेथमास्तर_शिरोली

काल रात्री दोन ट्रायल घेतल्या.

पहिली: तीच पट्टी, तेच ६० मिमी अंतर, तीच वीस मिनिटं, पण हौद रिकामा करून हवेत. मधोमध पुसट डाग. कडं नाही, खड्डे नाहीत. मॅडम आणि नाना दोघंही बरोबर.

दुसरी: पट्ट्या १५ मिमीपासून १५० मिमीपर्यंत वेगवेगळ्या अंतरांवर. १५ ला खुणा फार थोड्या. ५० ते ७० मध्ये कडं सगळ्यात खोल. १०० ला विरळ टिंबं आणि १५० ला पट्टी कोरी. मला वाटलं होतं जितकं जवळ तितकं जास्त खाईल. आणि पंप बंद केल्यावर ढग खरंच पटकन गेला, मागं धुकं राहिलं. पोरांना दाखवलं, ती अकरापर्यंत शेडमधनं हलली नाहीत.

पण नदीत खोली आहे. जाळी चार मीटरवर. वर पाणी जास्त म्हणजे दाब जास्त, बुडबुडे होणार का?

नोझल_नाना

खोलीनं बुडबुडे दबतात, हे माझं अनुभवाचं मत. चार मीटरला थोडे कमी होतील.

प्रवाहिनी

नाना, तुमचा हिशोब मला फार आवडला, पण इथं थोडं वेगळं सांगते. बुडबुडे कमी होणं आणि खाणं कमी होणं या दोन गोष्टी आहेत. खोलीनं बुडबुडे कमी आणि लहान होतात, ढग आखूड होतो, पण मिटवणारा दाब वाढल्यानं प्रत्येक बुडबुडा जास्त जोरात मारतो. म्हणून खोली वाढवत गेलं तर मार आधी वाढतो आणि मग उतरतो.

आजूबाजूचा दाब भागिले जेटचा दाब असं साधं गुणोत्तर काढतात. जपानमध्ये तोहोकू विद्यापीठातले सोयामा यांनी अशा जेटवर पुष्कळ काम केलंय. त्यांच्या प्रयोगांत मार सगळ्यात जास्त मिळतो तो हे गुणोत्तर ०.०१४ च्या आसपास असताना. मास्तरांच्या हौदात ते ०.००५. नदीत चार मीटरवर ०.००७ च्या जवळ. म्हणजे तिथं मार हौदापेक्षा वाढायची शक्यता आहे. शंभर मीटर खोल समुद्रात हाच २०० बारचा जेट मात्र जवळपास मुका होईल. ढग आखूड होत असल्यामुळे नदीत योग्य अंतरही ६० मिमीपेक्षा थोडं कमी निघेल, ते तिथंच ताडून पाहा.

याच बुडबुड्यांचा मार धातूला बळकटी द्यायलाही वापरतात. गिअरच्या दातांवर छर्रे मारून वरचा थर दाबून घेतात ना, ते काम छर्ऱ्यांशिवाय, नुसत्या पाण्यातल्या बुडबुड्यांनी.

नोझल_नाना

हे मला नवीन. मी कायम उथळ टाक्यांत काम केलं, खोलीवर बोलायला नको होतं. धन्यवाद, मॅडम.

महापुरातला_गडी

मास्तर, थांबा जरा. मी बचाव पथकात बुडी मारणारा. २०१९ आणि २०२१, दोन्ही पुरांत पाण्यात होतो. हिशोब सगळे झाले, पण गन धरून खाली जाणार कोण?

तुमच्या जेटचा उलटा धक्का चार किलोच्या वर बसणार. जमिनीवर पाय रोवून तो काहीच नाही, पाण्यात रोवायला जमीन नसते, माणूस मागं ढकलला जातो आणि नोझल फिरतं. पंचगंगेत चांगल्या दिवशीही हातभर दिसत नाही, वर तुमचा पांढरा ढग. जेट अंगावर आला तर बाहेरून टाचणीएवढं भोक दिसतं आणि पाणी आत कातडीखाली पसरलेलं असतं. हातमोजा असला तरी. असं कुणाला झालं तर 'बारीक लागलंय' म्हणून घरी हळद लावायची नाही, तडक मोठ्या दवाखान्यात, आणि प्रेशरच्या पाण्यानं झालंय हे डॉक्टरला सांगायचं.

दुसरं, साडेसात एचपीची विजेची मोटार काठावर आणि माणूस पाण्यात, हे मी होऊ देणार नाही. एक केबल सोललेली असली तर संपलं. डिझेल इंजिनवर पंप चालवा. कोल्हापुरात ऑइल इंजिनाला तोटा हाय व्हय?

तिसरं, संस्थेचा पंप चालू असताना जाळीजवळ कुणी जायचं नाही. स्टार्टरला कुलूप आणि किल्ली बुडी मारणाऱ्याच्या खिशात.

उद्यमनगरी_मिस्त्री

इंजिन माझ्याकडनं घेऊन जा मास्तर. दहा एचपीचं हाय, काम झाल्यावर परत आणा.

लेथमास्तर_शिरोली

गडी दादा, तुमचं वाचून रात्री झोप आली नाही. माणूस खाली उतरवणं रद्द. जाळीच्या दोन्ही बाजूंना गाइड चॅनल आहेतच, त्यातून वर-खाली सरकणारी चौकट करतो आणि नोझल तिच्यावर बसवतो. काठावरून हँडविंचनं चालवायची. आणि मिस्त्री, कसे आभार मानू?

महापुरातला_गडी

आता बरं वाटलं. चौकट बसवायच्या दिवशी मी येतो.

धरणावरची_चाकरी

मी सिव्हिलचा माणूस, नोकरी सिंचनात झाली. दोन गोष्टी सुचतात.

एक, जमिनीत सिमेंटचे खांब तयार करताना जेट ग्राउटिंग करतात. तिथं भूजलात जेट फार लांब जात नाही, म्हणून जेटभोवती गोल फटीतून दाबाची हवा सोडतात. पाण्याचा जेट हवेच्या वेष्टणातून जातो आणि त्याची पोच चांगलीच वाढते. मास्तरांनी नोझलभोवती कॉम्प्रेसरच्या हवेची एक बांगडी बसवली तर मऊ शेवाळ लांबूनही निघेल. पण हवा मध्ये आली की बुडबुड्यांचा मार मरेल, कडक थर निघणार नाही.

दोन, हवा बुडबुड्यांचा मार कसा थांबवते त्याचं मोठं उदाहरण. अमेरिकेत कोलोरॅडो नदीवरच्या ग्लेन कॅन्यन धरणात १९८३ च्या पुरात सांडव्याच्या बोगद्यातून अफाट वेगानं पाणी सोडावं लागलं. काँक्रीटच्या तळावरच्या लहानशा उंचवट्यांमागं कॅव्हिटेशन सुरू झालं, अस्तर फुटलं आणि खालच्या खडकात दहा मीटरच्या आसपास खोल खड्डा पडला. दुरुस्ती करताना बोगद्यात हवा ओढून घेणारी खाच ठेवली, म्हणजे पाण्याच्या तळाशी हवेची उशी राहील. काँक्रीटला ताण सोसत नाही, म्हणून मास्तर, जाळी धुताना जेट जॅकवेलच्या भिंतीकडे वळणार नाही एवढं बघा.

शुक्रवार_पेठ

मग पंचगंगा घाटाचे काळे दगड अशा जेटनं धुवायला काय हरकत? किती घाण बसलीय त्यांच्यावर.

धरणावरची_चाकरी

कृपा करून नको. घाटाच्या दगडाला काही होणार नाही असं वाटतं, पण जुन्या सांध्यातला चुना आधी निघून जाईल. सांधा मोकळा झाला की पुढच्या पुरात पाणी त्यात शिरून दगड उचलेल. घाटाला मऊ ब्रश, साधं पाणी आणि माणसांचे हात. ज्यांनी तो बांधला त्यांनी आपल्यासाठी एवढं केलंय, आपण हातानं घासू.

शुक्रवार_पेठ

पटलं. रविवारी सकाळी ब्रश घेऊन कोण कोण येतंय?

रंकाळ्याची_हवा

मी. आणि नंतरची मिसळ माझ्याकडून.

बावड्याचा_ऊसवाला

मूळ प्रश्न राहिला की. जाळी बिडाची हाय. ती खाणार का न्हाई?

नोझल_नाना

खाणार. बिडात ग्राफाइटच्या पापड्या असतात, मार बसला की त्या आधी निघतात आणि पोकळ्या सुटत जातात. स्टेनलेस किंवा गनमेटल जास्त टिकतं. पण कुठल्याही धातूत खड्डे पडायच्या आधी काही काळ नुसता मार साचतो, वजन कमी होत नाही. एका जागी थांबायचं नाही, चौकट सरकत ठेवायची. थर आधी जातो, कारण तो ठिसूळ आहे.

लेथमास्तर_शिरोली

उशीर झाला लिहायला, शेडमध्ये काम होतं. संस्थेनं जुनी काढून ठेवलेली जाळी दिली होती, थरासकट. तिचा तुकडा कापून हौदात लावला.

चाकरीवाल्या साहेबांची हवेची बांगडी आधी केली. नोझलभोवती पितळी बाही टर्न केली, मध्ये एक मिमी फट, कॉम्प्रेसरची हवा सहा बारनं. तडतड थांबली आणि घरघर सुरू झाली. ॲल्युमिनियमची पट्टी ६० मिमीवर वीस मिनिटं ठेवली, एकही खड्डा नाही. पण सहा इंचांवरून शेवाळ आणि मुळं सुटायला लागली, जिथं आधी काहीच होत नव्हतं. कडक थर तसाच.

मग हवेचा कॉक बंद केला, ५५ मिमी अंतर ठेवून चौकट हळूहळू सरकवली. मिनिटाला एक वीत. थर कपच्या-कपच्यांनी उडाला, खाली बीड काळं दिसायला लागलं. तिसऱ्या फेरीनंतर भिंगानं बघितलं, बिडावर नुसती मळकट छटा, बोटाला खड्डा लागत नाही. एका जागी मुद्दाम दहा मिनिटं थांबवलं तिथं मात्र बोट अडकतंय. नाना, तुमचं तंतोतंत.

म्हणजे एकाच नोझलवर दोन हत्यारं झाली. कॉक उघडला की लांबचं मऊ काम, बंद केला की जवळचं कडक काम. २०० बारचाच पंप पुरतोय.

प्रवाहिनी

मास्तर, हा कॉक वर्गात दाखवायला मुलांना तुमच्या शेडमध्ये आणू का?

लेथमास्तर_शिरोली

कधीही आणा मॅडम. गारगोटीच्या मुलीलाही घेऊन या.

उद्यमनगरी_मिस्त्री

बाहीचं माप द्या मास्तर. पलीकडच्या गावच्या संस्थेचा माणूस आत्ता माझ्यासमोर बसलाय.

लेथमास्तर_शिरोली

नोझलच्या बॉडीचा बाहेरचा व्यास १४ मिमी, बाहीचा आतला १६, तोंडाशी बाही नोझलच्या दोन मिमी पुढे. हवेचं भोक बाजूनं तिरकं मारा, म्हणजे हवा गोल फिरत भरते. अंतर राखायला पुढे ५५ मिमीचे तीन पाय वेल्ड केलेत, ते जाळीला टेकूनच चौकट सरकते. नदीत चार मीटरवर पाच-सहा मिमी कमी लागेल असं धरून पायांना आटे ठेवलेत. बंधाऱ्याचे बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) काढायच्या आत काम संपवायचंय, चौकट शनिवारी सकाळी नदीवर नेतोय. इंजिन शुक्रवारी संध्याकाळी घ्यायला येतो.